केकच्या कागदावरची दहावी अट

आई, आज दुपारी तुझ्या अटी टाईप करून घेतल्या. मी नाही केल्या, भाचीने केल्या. मी ओट्याला टेकून वाचून दाखवत होते आणि ती मोबाइलवर दोन अंगठ्यांनी असं काही बडवत होती की तुझा टाईपरायटर लाजला असता. झालं असं, की इथे नवीन पनवेलला एका शाळेला कार्यक्रमासाठी केक हवेत, आणि त्यांच्या ऑफिसातून निरोप आला, कोटेशन पाठवा, पण सोबत टर्म्स अँड कंडिशन्स हव्यात. भाची म्हणाली, "आत्या, नेटवर तयार मिळतात, कॉपी करून टाकते." मला एकदम झोंबलं. म्हटलं, "आपल्याकडे घरच्या आहेत, तुझ्या आजीच्या." आणि केकच्या वहीतून तुझा तो पातळ कागद काढला, कार्बनची निळी प्रत, घडीवर विरत चाललेली. एकेक अट वाचत गेले. ती मधेच हसत होती, मधेच "भारीच होती आजी" म्हणत होती. नऊ झाल्या. तिने विचारलं, "दहावी काय आहे? खाली काहीतरी दिसतंय." मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "ती जुनी झाली. सोड." तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी कुणी 'अट' म्हटलं की मला तूच दिसतेस. लग्नाआधी तू दोन वर्षं एका वकिलाकडे टायपिस्ट होतीस. त्या दोन वर्षांचं तुला केवढं वेड! ते वकील म्हातारे झाल्यावर त्यांचं जुनं मशीन तू घरी आणलंस, आणि उरण नाक्याजवळच्या आपल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते शिलाई मशीनच्या शेजारी बसलं. मी सातवी-आठवीत असताना बाबांनी बोनसमधून तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आणला, झाकणाला काचेचा डोळा असलेला. त्यांना वाटलं होतं, बायको रविवारी हौसेने नानकटाई करील. तू सहा महिन्यांत ऑर्डरी घ्यायला लागलीस. तेव्हा पनवेलच्या बेकऱ्यांत पाव, खारी, बटर झकास मिळायचं, पण वाढदिवसाचा केक म्हणजे सगळीकडे एकाच साच्यातले गुलाबी गुलाब. नवीन पनवेलच्या सेक्टरांत नवे बिऱ्हाडकरू येत होते, त्यांना मुलांच्या वाढदिवसाला केक हवा असायचा, आणि आसपासच्या गावांतूनही हौशी माणसं यायची. केक केवढ्याला पडेल असं कुणी विचारलं, की बाकीच्या बायका तोंडी सांगून मोकळ्या झाल्या असत्या. तू मात्र "बसा" म्हणायचीस, पाणी द्यायचीस, मशीनमध्ये दोन कागद आणि मध्ये कार्बन घालायचीस आणि दरपत्रक टाईप करायचीस. वर दोन ओळी केकच्या आणि खाली अर्धं पान अटी. सगळ्यात शेवटी वकिलाकडची सवय: 'वरील अटी मला मान्य आहेत', आणि सहीची रेघ.

बाबा म्हणायचे, "हिच्याकडून केक घेणं म्हणजे जागा भाड्याने घेण्यासारखं आहे." शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणायच्या, "केक दे बाई, पण अटी आवर." तू हसायचीस आणि पुढची अट घालायचीस. कारण तुझी एकही अट हवेतून आलेली नव्हती, प्रत्येकीमागे कुणाचा तरी फजितवाडा होता. स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवून केक नेणारे एक गृहस्थ घरी पोचेपर्यंत केकची खिचडी झाली होती, म्हणून 'केक मागे बसणाऱ्याने मांडीवर सपाट धरून न्यावा, सोबत माणूस नसल्यास रिक्षाने न्यावा.' कुणी मासिकातलं चित्र फाडून आणायचं आणि मग घरी जाऊन गुलाबाच्या पाकळ्या मोजायचं, म्हणून 'अगदी अस्साच हा शब्द चालणार नाही.' केकखालचा लाकडी फळा लोक पोळपाट म्हणून वापरायला लागले, म्हणून 'फळा आठ दिवसांत धुऊन परत करावा.' आणि सगळ्यात लाडकी बारशाची. एका बापाने हौसेने मुलीचं नाव सांगून केकवर लिहून घेतलं, आणि पाळण्याशी आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्र करून भलतंच नाव ठेवलं. आत्या हटेना, बाप हटेना, आणि वर तिसरंच नाव सुचवणारी आजी निघाली. ते लोक संध्याकाळी केक घेऊन परत आले, नाव खरवडून दुसरं घाला म्हणून. दुसऱ्या दिवशी कागदावर आलं: 'बारशाच्या केकवर फक्त बाळ असे लिहिले जाईल.' भाची आज या अटीवर इतकी हसली की तिला ठसका लागला. मी स्वतः आत्या असल्यामुळे मला हसावं की राग यावा कळेना.

तेव्हा मात्र मला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची, हे तुला माहीत आहे. मी कॉलेजात गेले होते, मैत्रिणी घरी यायच्या, आणि तू त्यांच्यासमोर एखाद्या बाईला चष्म्यावरून बघत "पाचवी अट नीट वाचलीत ना?" असं विचारायचीस. एकदा माझ्या मैत्रिणीच्या आईचं दरपत्रक मी पोचवायला गेले आणि वाटेत कागदाचा खालचा अर्धा भाग फाडून टाकला. वरच्या दोन ओळी दिल्या, बस. तू दोन दिवसांनी सहीचा कागद मागितलास तेव्हा माझं बिंग फुटलं. तू ओरडली नाहीस. कणीक मळत होतीस, मळता मळता म्हणालीस, "अट म्हणजे अविश्वास नव्हे गं. आधी सांगून ठेवलं की नंतर भांडावं लागत नाही. आणि या अटी काय फक्त त्यांच्यासाठी आहेत? मी पण बांधलेली आहे त्यात." मला ते तेव्हा वकिली वाटलं. मी पाय आपटत आत गेले.

तू बांधलेली होतीस हे खरंच होतं. सगळ्यात जास्त बांधलेली होतीस पाचव्या अटीने: 'मंगळवारी व गुरुवारी फक्त बिनअंड्याचे केक केले जातील, त्यांची भांडी वेगळी आहेत.' त्या भांड्यांच्या मुठींना तू लाल दोरा गुंडाळला होतास. लाल दोऱ्याचा चमचा, लाल दोऱ्याचं पातेलं, लाल दोऱ्याची चाळण, टिनसुद्धा वेगळे. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी ओव्हन आतून सोड्याने पुसायचीस. अंड्यांची तारेची टोपली त्या दोन दिवशी वरच्या फळीवर जायची आणि तिच्यावर फडकं पडायचं, जशी काही ती सोवळ्यातली सवत. आपण स्वतः अंडी खात होतो, रविवारी मासे आणत होतो. म्हणून मी विचारायचे, एवढं कशाला? तू म्हणायचीस, "आपण खातो म्हणूनच. न खाणाऱ्याला आपल्या घरात काय चालतं ते दिसत नाही ना."

ती आजी आली तो दिवस मला आजही स्वच्छ दिसतो. थंडी नुकती पडायला लागली आहे, तू ओट्यापाशी लोणी फेटते आहेस, आणि दारात नऊवारीतली एक काळीसावळी म्हातारी उभी आहे, गळ्यात तुळशीची माळ, पायात टायरच्या चपला. नेऱ्याहून आली होती, एसटीने, एकटी. नातवाचा पहिला वाढदिवस होता. "घरात समदी मच्छी खातान," ती म्हणाली, "पन मी माळकरी हाय बाय. मना अंडा चालत नाय. पोर म्हनतो, आये, तुजा वेगला पेढा आनू. मी म्हनली, माज्या नातवाचा केक मी नाय खाऊ तं कोन खाईल?" तू तिला बसवलंस, चहा दिलास, आणि नेहमीप्रमाणे कागद टाईप केलास. ती म्हणाली, "मना वाचता नाय येत. अंगठा कुठं देऊ?" तू म्हणालीस, "थांबा, आधी ऐका." आणि तू तिला नऊच्या नऊ अटी वाचून दाखवल्यास, स्कूटरचीसुद्धा. पाचव्या अटीपाशी तिने हात वर केला. "ही परत वाच." तू परत वाचलीस. मग तू अंगठा घेतला नाहीस. रेघेवर स्वतःची सही केलीस आणि कागद तिच्या हातात दिलास. "तुम्ही वाचू शकत नाही, तर सही माझी. या अटी मला मान्य आहेत." तिने तो कागद चोळीत ठेवला. वाढदिवस गुरुवारी होता.

आता ते लिहायचं, जे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. त्या गुरुवारी सकाळी तुला उरणजवळ मोऱ्याला जावं लागलं, तिथे माझी मावशी घरात पडली होती. जाताना तू लाल दोऱ्याची सगळी भांडी ओट्यावर काढून ठेवलीस, अंड्याऐवजी घालायचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा काढलास, आणि म्हणालीस, "आजचा केक तुझा. काचेतून बघ, झाकण उचलू नकोस. चार वाजता तिचा मुलगा येईल." पहिल्यांदाच तू अख्खी ऑर्डर माझ्या हातात दिलीस. मी इतकी खूश होते की गाणं म्हणत होते. पण त्या दिवशी काच वाफेने धुरकट झाली आणि मला राहवलं नाही. मी झाकण उचललं. एवढंसं, बोटभर. केक माझ्या डोळ्यांदेखत मधोमध बसला. मी रडकुंडीला आले. कंडेन्स्ड मिल्कचा दुसरा डबा घरात नव्हता. दुकानात धावत गेले तर दुकानदार म्हणाला, उद्या येईल. दोन दुकानं फिरले. परत आले तेव्हा दीड वाजला होता, आणि वरच्या फळीवर फडक्याखाली ती टोपली होती.

मी दोन अंडी फोडली, आई. चुकून नाही, गडबडीत भांडं बदललं असंही नाही. स्टुलावर चढून टोपली खाली घेतली आणि लाल दोऱ्याच्या पातेल्यात दोन अंडी फोडून फेटली. मनाशी म्हटलं, दोन अंड्यांनी काय होतंय, कोणाला कळणार आहे, म्हातारीला चव तरी समजेल का. हे तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. केक मस्त फुगला. मी वरची फुगवटी कापून सपाट केला, मध्ये अननस, वर पांढरं आयसिंग, कडेने कोनाने वेल काढली. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत टाकून आले. भांडी तीन वेळा गरम पाण्याने धुतली, जणू त्याने काही होणार होतं. चार वाजता तिचा मुलगा आला, केक बघितला, म्हणाला, "एक नंबर हाय." मागे त्याची बायको होती, तिने मांडीवर सपाट धरला. तिसरी अट पाळली गेली.

तू संध्याकाळी आलीस. केक गेला होता, पण कापलेली फुगवटी तुझ्या नियमाने डब्यात ठेवलेली होती. प्रत्येक केकचा तो वरचा काप तू दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवायचीस आणि सकाळच्या चहाबरोबर एक घास खायचीस, शितावरून भाताची परीक्षा म्हणून. त्या संध्याकाळी तू डबा उघडून नुसता बघितलास. "छान फुगलाय," म्हणालीस. "माझ्याहून छान." आणि तुझ्या सुपारीच्या डबीतून आयसिंगची फुलं काढायचं पितळेचं ते चांदणी नोझल काढलंस, जे तू मला कधी हातही लावू द्यायची नाहीस. "घे. आता तुझं." मी घेतलं. मला वाटलं होतं, घेऊ नये. पण घेतलं.

शुक्रवारी सकाळी तू चहा ओतलास, घास घेतलास, आणि तुझं चावणं थांबलं. तो क्षण मी कितीतरी वेळा परत बघते. तू आणखी एक घास घेतलास, सावकाश. मग म्हणालीस, "यात अंडं आहे." मी म्हटलं, "कसं असेल?" तू माझ्याकडे बघत होतीस. नुसती बघत होतीस, रागाने नाही. मला बोलायची जागा करून दिली होतीस, आता कळतं. आणि मी काय म्हटलं? "तू बुधवारी ऑर्डरीच्या घाईत होतीस ना, चमचा बदलला असेल तुझ्याकडून." चमच्याला लागलेलं अंडं आणि केकमध्ये फेटलेली दोन अंडी यातला फरक ज्या बाईला आंधळेपणीही कळला असता, तिच्या तोंडावर मी हे बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू कप खाली ठेवलास. एवढंच म्हणालीस, "चप्पल घाल. नेऱ्याला जायचंय."

एसटी स्टँडवर तू नेऱ्याची गाडी शोधलीस. बसमध्ये खिडकीशी मला बसवलंस. बाहेर डोंगर जवळ येत होता. घर सापडायला वेळ लागला नाही, अंगणात अजून पताका होत्या. ती म्हातारी पायरीवर बसून वालाच्या शेंगा निवडत होती, आणि नातू टोपलीत हात घालून शेंगा बाहेर फेकत होता. आपल्याला बघून तिचा चेहरा फुलला. "ये बाय, ये! केक काय झाला व्हता! मी दोन तुकडं खाल्लं." तू बसली नाहीस. पदर सारखा केलास आणि उभ्यानेच म्हणालीस, "आजी, त्या केकमध्ये अंडं गेलं होतं. आज सकाळी मला कळलं."

तिचा हात माळेवर गेला. नातवाने एक शेंग तोंडात घातली, ती तिने बोटाने बाहेर काढली. मग म्हणाली, "कसा गेला?" आता माझं नाव येणार, असं मला वाटलं. तू म्हणालीस, "माझ्या ओट्यावर झालं, म्हणजे माझ्या हातून झालं. मी कागदावर सही केली होती." आई, तू खोटं बोलली नाहीस आणि माझं नावही घेतलं नाहीस. असं वाक्य सुचायला मला हा सगळा जन्म पुरला नसता. म्हातारीने विचारलं, "तू सांगितला नसता तं मना कललाच नसता. मंग कशाला आलीस?" तू म्हणालीस, "कळलं नसतं म्हणूनच आले."

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "आता मी आंगोल करीन. म्हाराजांकडं जाईन, माल फिरून घालून घेईन. नकलत झाला तं देव माफ करतो. तू जीवाला लावून घेव नको." नकळत. तो शब्द ऐकला आणि मला रडू फुटलं. हुंदकेच यायला लागले, थांबेनात. तिने माझ्याकडे बघितलं. "आन् ही पोर कशाला रडते?"

"तिला बस लागते," तू म्हणालीस.

मला कधीच बस लागली नव्हती. मोऱ्याला, अलिबागला, पुण्याला, मी खिडकीशी बसून शेंगदाणे खात जाणारी मुलगी. तुला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे. म्हातारीने आतून मला लिंबाचं सरबत आणून दिलं आणि निघताना तुझ्या पिशवीत वालाच्या शेंगा भरल्या. तू नको नको म्हणत होतीस. ती म्हणाली, "घे गो. सांगाया आलीस म्हनून देते." परतीच्या बसमध्ये ती पिशवी माझ्या मांडीवर होती. मला सरळ सांगता आलं असतं. नेरे ते पनवेल एवढी वाट होती, बस रिकामी होती, आणि तू शेजारीच बसली होतीस, हात मांडीवर ठेवून, वाट बघत. मी बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर तू लाल दोऱ्याचं पातेलं आणि चमचे भंगारात दिलेस, नवे आणलेस, आणि नवे दोरे मला बांधायला लावलेस. मग मशीनवर बसून नव्या कागदावर दहावी अट टाईप केलीस: 'चूक माझ्याकडून झाली असेल तर ती तुम्हाला कळण्याआधी मी स्वतः घरी येऊन सांगेन.' बाबा म्हणाले, "अगं, हे वाचून कोण ऑर्डर देईल?" सेक्टरातल्या एका बाईंनी तर विचारलंच, "म्हणजे तुमच्याकडे चुका होतात?" तू म्हणालीस, "होतात. तुमच्याकडे?" त्या हसल्या आणि त्यांनी सही केली. पुढे तू ती अट पाळलीस, मी बघितलं आहे. एकदा टिनखालचा बटर पेपर केकच्या तळाला चिकटून गेलाय हे लक्षात आलं तेव्हा तू पिठाच्या हातांनी रिक्षात बसलीस आणि मेणबत्त्या विझवायच्या आत तिथे पोचलीस. लोक तुझ्या आयसिंगचं कौतुक करायचे. पण ते परत परत येत होते ते या दहाव्या अटीमुळे, हे मला दुकान चालवायला लागल्यावर समजलं.

आणि तू मला कधीच विचारलं नाहीस. एकदाच, शेवटच्या वर्षी, जेव्हा तुझे डोळे गेले होते आणि मी तुला वाफवलेले वालाचे दाणे सोलून भरवत होते, तू म्हणालीस, "नेऱ्याची ती आजी आठवते का गं तुला?" केवढी मोठी जागा केलीस माझ्यासाठी, दुसऱ्यांदा. मी म्हटलं, "कोण आजी?" तू तोंडातला दाणा चावलास आणि म्हणालीस, "काही नाही. मीठ बरोबर आहे."

मी चांगली केकवाली झाले, आई. लोक तसं म्हणतात. मंगळवार-गुरुवार पाळते, ओव्हन मोठा आहे तरी सोड्याने पुसते, वरचा काप सकाळी चहाबरोबर खाते, माझ्या हाताखालच्या मुलींना झाकण उचलू देत नाही. तुझं ते चांदणी नोझल आजही रोज वापरते, घासून घासून त्याची टोकं बोथट झाली आहेत. सगळ्या नऊ अटी मी तोंडी सांगत आले आहे, गिऱ्हाइकं माझीही चेष्टा करतात. दहावी मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही. लोकांना वाटतं मी चुका करत नाही. मी करते. गेल्या खेपेला एका केकवर तारीख चुकीची गेली, मला संध्याकाळी कळलं, त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. ज्या बाईने आईसमोर तोंड उघडलं नाही, तिने परक्यांना कोणत्या तोंडाने लिहून द्यावं, असं मी स्वतःला सांगत आले. पण हे सगळं लिहून झाल्यावर ते कारण खोटं वाटतंय. खरं कारण भीती आहे. त्या दिवशी बसमध्ये होती तीच.

शाळेला कोटेशन आज पाठवायचं आहे. भाची बाहेरच्या खोलीत आहे, खोक्यांना दोरी बांधते आहे, तिचं गुणगुणणं ऐकू येतंय. तिला हाक मारायची आणि म्हणायचं, दहावी अट घाल, सांगते. ती म्हणेल, ही कशासाठी, आत्या? मग मला टोपलीपासून सगळं सांगावं लागेल, दोन अंडी, चमच्याचं खोटं, लिंबाचं सरबत. तुला सांगायचं राहिलं, तिला तरी सांगावं. तुझा कागद उघडून समोर ठेवला आहे, आणि हे पत्र वहीत त्याच्याच शेजारी ठेवीन, पाठवायला पत्ता कुठे आहे.

पण खरं सांगते, आई, या शेवटच्या दोन ओळी लिहायला मला अर्धा तास लागला, आणि मी अजून तिला हाक मारलेली नाही.